वही कुणाची, मार्क कुणाचे

"वर्षभर लेक्चरला फिरकलो नाही, तरी पहिल्या पाचात आलो." कॉलेज सुटून कितीही वर्षं झाली तरी लोक हे सांगतात, आणि सांगताना आवाज जरा चढतोच. त्यात थापा असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. बंक मारून उत्तम मार्क मिळवणारी माणसं मी जवळून पाहिलीत. मला फक्त एवढंच सांगायचंय की त्या गोष्टीतून एक पात्र गाळलेलं असतं. ते पात्र मी होते. वही माझी असायची.

प्रत्येक वर्गात पुढच्या बाकांवर बसून लिहून घेणाऱ्या दोनतीन जणी असतात. परीक्षा जवळ आली की आमचा भाव वधारायचा. एरवी ओळखही न दाखवणारे "अगं, तुझं अक्षर किती छान आहे" म्हणत यायचे. (नव्हतं. माझं मलाच कधीकधी लागायचं नाही.) वही झेरॉक्सला जायची आणि तिथून अख्ख्या वर्गात पसरायची. मला त्याचा राग नव्हता, आजही नाही. वही दिल्याने माझं काही कमी होत नव्हतं.

पण त्या वहीत काय असायचं ते बघा. पुस्तकातलं प्रकरण लांबलचक असतं. शिकवणारा त्यातला थोडा भाग नीट घेतो, बराचसा वाचून या म्हणून सोडून देतो आणि मध्येच एका ठिकाणी थांबून म्हणतो, "इथे दरवर्षी मुलं चुकतात." तिथे मी समासात चांदणी काढायचे. बंक मारणाऱ्याला त्या चांदण्या आयत्या मिळायच्या. काय वाचायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यातच अभ्यासाचा निम्मा वेळ जातो, आणि ते काम त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी वर्षभर बसून केलेलं असायचं. उरलेलं हुशार माणूस थोड्या रात्रींत उरकतो, आणि मग सगळंच हुशारीच्या खात्यावर जमा होतं.

या बाबतीत सगळ्यात गाजलेला बंकबहाद्दर म्हणजे आइन्स्टाइन. त्याचं उदाहरण लोक हमखास देतात, पण अर्धंच. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये तो गणिताच्या तासांना फारसा जायचा नाही. चार वर्षांत मोठ्या परीक्षा दोनच, मधली आणि शेवटची, त्यामुळे मोकळीक भरपूर. त्याचा वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान मात्र प्रत्येक तासाला बसायचा, घरी जाऊन टिपणं नीट लावायचा आणि ती आइन्स्टाइनला द्यायचा. 1898 च्या मधल्या परीक्षेत आइन्स्टाइन पहिला आला, सहापैकी 5.7. दुसरा आला 5.6 वाला ग्रोसमान. वही लिहिणारा दुसरा आणि वही वाचणारा पहिला! हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1900 मध्ये पदवी मिळाली, पण आइन्स्टाइनला सहायक म्हणून ठेवायला कुणी प्राध्यापक तयार होईना. दोन वर्षं शिकवण्या आणि तात्पुरत्या नोकऱ्यांत गेली. 1902 मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी लागली, ती ग्रोसमानच्या वडिलांनी शब्द टाकला म्हणून. 1905 मध्ये त्याने आपला डॉक्टरेटचा प्रबंध ग्रोसमानलाच अर्पण केला. आणि ज्यांचे तास त्याने बुडवले त्यांत गणिताचे प्राध्यापक मिंकोव्स्की होते. याच मिंकोव्स्कींनी 1908 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताला चार मितींची गणिती मांडणी दिली. आइन्स्टाइनला ती सुरुवातीला उगाचची विद्वत्ता वाटली. पुढे तिच्यावाचून त्याचं पान हलेना. 1912 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त गणितापाशी अडला तेव्हा तो पुन्हा झुरिकला आला आणि ग्रोसमानच्या दारात उभा राहिला. ग्रोसमान तोवर तिथेच गणिताचा प्राध्यापक झाला होता. तो मदतीला तयार झाला, पण एका अटीवर: भौतिकशास्त्राच्या विधानांची जबाबदारी माझी नाही! 1913 मध्ये दोघांच्या नावाने लेख निघाला, आणि त्याच वाटेने 1915 चा व्यापक सापेक्षता सिद्धान्त आला.

म्हणजे "आइन्स्टाइनही बंक मारायचा" म्हणणाऱ्याने आधी सांगावं, तुझा ग्रोसमान कोण? आइन्स्टाइनने स्वतः हे कधी लपवलं नाही. उतारवयात त्याने लिहून ठेवलंय की असा मित्र होता म्हणूनच ती मोकळीक परवडली. आणि परीक्षेसाठी जे कोंबावं लागलं त्याने आपल्याला इतका उबग आणला की पुढे वर्षभर कुठल्याही शास्त्रीय प्रश्नाकडे बघवेना, हेही त्यानेच लिहिलंय. हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही.

आता बंकवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आम्ही पुढच्या बाकांवरचे स्वतःला फार शहाणे समजायचो. ते लोक परीक्षेच्या तोंडावर जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचे, पुस्तक मिटून उत्तर लिहायला बघायचे, अडले की वही उघडायचे. आम्ही आमच्याच सुबक नोट्स परत परत वाचायचो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नेमका हाच फरक तपासला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना 42. म्हणजे बंकवाल्यांचे मार्क नुसत्या नशिबाचे नव्हते. वर्ग बुडवूनही अभ्यासाची पद्धत त्यांची बरी होती. मात्र शेवटच्या आठवड्यात एकदाच रेटून केलेलं, पुन्हा उजळणी न झालेलं, निकाल लागेपर्यंतही टिकत नाही. मार्कलिस्टवर हे दिसायची सोय नाही.

वर्गात बसणाऱ्यांचीही स्वतःबद्दल चांगलीच फसगत होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवर केलेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच विषय एका गटाला ओघवत्या व्याख्यानातून शिकवला, दुसऱ्याकडून गटागटाने गणितं सोडवून घेतला. चाचणीत दुसरा गट पुढे. पण "जास्त शिकलो" असं वाटत होतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना! छान बोलणाऱ्या सरांचा तास संपला की आपल्याला सगळं समजलं असं वाटतं. घरी येऊन कोऱ्या कागदासमोर बसलं की कळतं काय समजलं ते.

मग हजेरीने फरक पडतो की नाही? पडतो, आणि बराच पडतो. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या काही कॉलेजांत डोकी मोजून बघितली, तर साधारण एक तृतीयांश विद्यार्थी गैरहजर. नियमित येणारा आणि कधीमधी उगवणारा यांच्यात त्याला जवळजवळ एका पूर्ण ग्रेडचा फरक दिसला. यावर पहिला आक्षेप सगळेच घेतात, की मुळात अभ्यासूच वर्गाला येतात, त्यात वर्गाचं काय कौतुक? आक्षेप रास्त आहे. पण 2010 मध्ये क्रेडे आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा शाळेतले मार्क, प्रवेश परीक्षा, अभ्यासाच्या सवयी या सगळ्यांपेक्षा हजेरीवरून ग्रेडचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. विद्यार्थ्याच्या स्वभावाशी हजेरीचा संबंध मात्र फिकाच निघाला. बंक मारून पहिल्या पाचात येणारे अपवाद असतात. त्यांची गोष्ट आपल्याला ऐकू येते. बंक मारून गटांगळ्या खाणारे फार असतात, पण ते पोस्ट लिहीत नाहीत.

याच आढाव्यात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो हजेरीपट घेऊन बसणाऱ्यांनी वाचावा. हजेरी सक्तीची केल्याने मार्क वाढतात, पण थोडेच. साहजिक आहे. सक्तीने माणूस बाकावर येतो, लक्ष येत नाही. मागच्या बाकांवर मोबाइल चालू असतो, प्रॉक्सी लावल्या जातात. मैत्रिणीच्या नावाला "प्रेझेंट" म्हणताना आवाज बदलायची कला आमच्या वर्गात काही जणींना इतकी साधली होती की त्यांना त्याचेच मार्क द्यायला हवे होते. आणि समोरचा माणूस तासभर स्लाइड वाचून दाखवत असेल तर त्या स्लाइड घरी वाचाव्यात हा निर्णय मला आळशीपणाचा वाटत नाही. पाट्या टाकणाऱ्या शिक्षकाचा वर्ग सक्तीने भरवणं म्हणजे त्याच्या शिकवण्याला हजेरीपटाचं संरक्षण देणं. 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे: नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे 34 टक्के नापास, विद्यार्थ्यांकडून काही करून घेणाऱ्या वर्गात सुमारे 22 टक्के. अशा दुसऱ्या प्रकारच्या वर्गाला हजेरीपट लागत नाही. तिथे जे घडतं ते कुणाच्याच वहीत उतरत नाही, त्यामुळे बुडवणाऱ्याला ते उसनं मिळतच नाही.

म्हणून कुणी मला विचारलंच, की वर्गात बसू का नको, तर मी सरसकट उत्तर देत नाही. प्रयोगशाळा बुडवू नका. हाताला लागलेली सवय झेरॉक्स होत नाही. पुढचे दोन विषय ज्याच्यावर उभे आहेत तो विषय बुडवू नका, कारण त्याची उधारी व्याजासकट पुढच्या वर्षी भरावी लागते. ज्या वर्गात शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात, तो तर मुळीच नको. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. सज्ञान आहात.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती नोकरी करायची, म्हणून तिचे सकाळचे तास बुडायचे. हजेरीपटावर ती आणि कँटीनमध्ये टिवल्याबावल्या करणारे सारखेच. पण परीक्षेच्या आधी वही फिरायची ती कँटीनमधल्यांत, कारण त्यांच्या ओळखी होत्या. ती कामावरून येऊन थेट तासाला बसायची आणि संपला की निघायची. कुणाकडे मागायचं हेच तिला माहीत नसायचं. बंक मारून चांगले मार्क मिळवायला हुशारी लागते हे खरं, पण त्याआधी चार मित्र लागतात आणि मोकळा वेळ लागतो. ज्याला पर्याय नाही म्हणून वर्ग बुडतो, त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

तेव्हा शिक्षकांनो, हजेरीचे मार्क काढून टाका. तासाची टिपणं, त्या दिवशी फळ्यावर सोडवलेली गणितं आणि "इथे मुलं चुकतात" हे वाक्यसुद्धा, सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं ऑनलाइन चढवा. मग कुणाला माझ्या अक्षराचं खोटं कौतुक करावं लागणार नाही, आणि त्या मुलीला कुणाची ओळख काढावी लागणार नाही. आणि एवढं करूनही तुमचा वर्ग रिकामा पडत असेल, तर निदान तो का रिकामा पडतोय हे तुम्हाला कळेल.