अगं, काय झालं?

आज संध्याकाळच्या मालिकेत नायिकेच्या हातून आरतीचे ताट पडले. ताट पडले एकदाच, पण ते तीन बाजूंनी तीन वेळा दाखवण्यात आले. त्यानंतर सासू, जाऊ, नणंद, दीर आणि दाराआड उभी असलेली ती ठरलेली खलनायिका अशा पाच चेहऱ्यांवर कॅमेरा आळीपाळीने आदळला, आणि त्या सगळ्या ढणढणाटात एकही माणूस एक शब्द बोलला नाही. मधुमेहामुळे दृष्टी अधू झालेली माझी आई शेजारच्या खुर्चीत कान देऊन बसली होती. तिने दोनदा विचारले, "अगं, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, सगळे एकमेकांकडे बघताहेत." तेवढ्यात जाहिराती लागल्या. माझे डोके तेव्हापासून तापले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी 'वादळवाट' ही मालिका पाहिली आहे त्यांना त्या काळातले भारनियमनही आठवत असेल. आम्ही तेव्हा विट्याला होतो आणि आमची वीज नेमकी मालिकेच्या वेळेला जायची. एके संध्याकाळी आईने अंधारातच पुण्याच्या मावशीला फोन लावला. मावशीने रिसीव्हर टीव्हीसमोरच्या स्टुलावर ठेवून दिला, आणि कंदिलाच्या उजेडात, फोन कानाशी धरून, आईने तो अख्खा भाग ऐकला. फोन ठेवल्यावर तिने आम्हाला सगळी कथा सांगितली, कोण उठून उभे राहिले आणि कोणाचे डोळे भरून आले यासकट. तिने त्यातले काहीही पाहिले नव्हते.

हे तिला का जमले, याचे उत्तर आदिती सारंगधर आणि अरुण नलावडे यांच्या आवाजात आहे, असे माझे ठाम मत आहे. आदितीची रमा रागावली की शब्दांमधली जागा कमी व्हायची, आणि नलावडे वाक्य अर्ध्यावर सोडत, तेव्हा उरलेले अर्धे ऐकणाऱ्याला कळत असे. दिलीप प्रभावळकरांचे तर काय सांगावे! 'श्रीयुत गंगाधर टिपरे' 2001 साली सुरू झाली तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती, पण आबांच्या आवाजात आजोबांचे वय, मिस्कीलपणा आणि सकाळचा खोकलासुद्धा होता. त्यांच्या जुन्या 'चिमणराव गुंड्याभाऊ' मालिकेतल्या चिमणरावाचा आवाज आठवून पाहा, हाच माणूस आहे यावर विश्वास बसणार नाही. हे अभिनेते रंगभूमीवरून आले होते, शेवटच्या रांगेत ऐकू गेले पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. आमच्या बाबतीत शेवटची रांग विट्याला होती, एवढेच.

जुने सगळे सोने होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्या चार दिवसांवरचे विनोद आपण सर्वांनीच केले आहेत. रोज एक भाग द्यायचा म्हणजे चित्रीकरण रात्रीपर्यंत रेंगाळते आणि संवादांची पाने ऐन वेळी हातात पडतात, हेही मान्य. पण त्याच लांबलेल्या मालिकेत सासू झालेल्या रोहिणी हट्टंगडी सुनेला नुसते "अनुराधा" म्हणायच्या, तेव्हा त्या हाकेवरूनच आजचे घरातले हवामान कळायचे. घाई तेव्हाही होती. म्हणून घाईचे कारण मला सांगू नका.

माझा राग नटांवर मुळीच नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण खाली कोणीतरी "आजकालच्या मुलींना अभिनय येत नाही" असे लिहिणारच. त्या मुलीला ताट पाडून तीन मिनिटे डोळे विस्फारायला सांगितले असेल, तर तिने काय करावे? मधुराणी प्रभुलकर यांनी 'आई कुठे काय करते'मध्ये सुरुवातीच्या काळात अरुंधतीचा स्वर किती खाली ठेवला होता! माझ्या आईला ती बाई आवडायची, कारण "ती बोलते तेव्हा भाजी चिरतानाही कळतं" असे तिचे म्हणणे होते. पुढे तीही मालिका ताणलीच, पण दोष तिच्या आवाजाचा नव्हता. राग आहे तो, प्रेक्षकाला फक्त डोळे असतात आणि तेही अर्धवट झोपेत असतात, असे गृहीत धरणाऱ्यांचा. घरोघरी स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बायका आहेत, डोळ्यांत थेंब घालून पडलेले आजोबा आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय ठेवता, तर ढोल आणि वीज कडाडल्याचा आवाज!

असो. सगळेच बिघडले आहे असेही नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लागली की आई खुर्ची पुढे ओढून बसते. समीर चौघुले चेहऱ्याने काय काय करतात ते तिला दिसत नाही, तरी ती माझ्याआधी हसते, आणि नम्रता संभेराव यांनी आवाज बदलला की "ही तीच का गं?" असे विचारून स्वतःच "तीच" म्हणते.

विट्याच्या त्या महिन्यात फोनचे बिल आले तेव्हा वडिलांनी ते दोनदा वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनच्या एसटीडीला, म्हणजे बाहेरगावी फोन लावायच्या सोयीला, आकड्यांचे कुलूप घातले आणि त्याचा आकडा आईलाच सांगून ठेवला. त्या माणसाने आयुष्यात एकही मालिका धड पाहिली नाही.

आज जाहिराती संपल्या, पुन्हा तेच ताट पडले, पुन्हा तेच पाच चेहरे आले. आई वैतागून म्हणाली, "तुला काही सांगता येत नाही, मावशीला लाव फोन." लावला. पंचाहत्तरीची मावशी तिकडे हीच मालिका बघत होती. आईने विचारले, "अगं, काय झालं?"

मावशी म्हणाली, "काय व्हायचंय? परवापासून ताटच पडतंय."