‘भोक बारीक, तर आटा मजबूत’: टॅप मोडणारा एक समज

फॅब्रिकेशनवाल्यांच्या आणि शिकाऊ फिटर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. टॅप (भोकाच्या भिंतीत बोल्टसाठी आटे कापणारं हत्यार) मारायचं भोक जितकं बारीक तितका आटा मजबूत, म्हणून तक्त्यातल्या मापापेक्षा एक साइज खालचं ड्रिल घ्या. तक्ता पाठ करायची गरज नाही, बोल्टच्या मापाला ०.८ ने गुणा. धातू कुठलाही असो, ड्रिल तेच. सोनेरी किंवा कोबाल्टचं ड्रिल घेतलं की काळजी मिटली. आणि शेवटी, एवढं करूनही टॅप तुटला तर तुमचा हात कच्चा.

शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण पहिली दोन वाक्यं पाळली तर टॅप तुटणारच आणि बोलणी त्या पोराला बसणार. म्हणून हा मजकूर एकेक मुद्दा घेऊन तपासू.

‘०.८ ने गुणा’

इथून सुरुवात करतो, कारण हे नुसत्या आकडेमोडीने खोटं ठरतं. टॅपिंगचं ड्रिल ठरतं ते पिचवरून, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधल्या अंतरावरून. साध्या मेट्रिक आट्यासाठी बाहेरच्या व्यासातून पिच वजा करायचा. एम ६ चा, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्याचा, पिच १ मिमी, म्हणून ५.० मिमी. एम ८ चा १.२५, म्हणून ६.८ (६.७५ चं जवळचं माप). एम १० चा १.५, म्हणून ८.५. एम १२ चा १.७५, म्हणून १०.२. एम १६ चा २, म्हणून १४. एम २० चा २.५, म्हणून १७.५.

आता ०.८ लावून बघा. एम १० ला येतात ८ मिमी, एम १६ ला १२.८ आणि एम २० ला १६. एम २० च्या बोल्टचा गाभा, म्हणजे आट्याच्या दोन तळांमधला व्यास, साधारण १६.९ मिमी असतो. म्हणजे हा फॉर्म्युला सांगतो की बोल्टच्या गाभ्यापेक्षाही बारीक भोक मारा. एम १० चा गाभा ८.१६ आणि भोक ८. एम ८ चा ६.४७ आणि भोक ६.४. एम ८ च्या पुढे प्रत्येक जाड (म्हणजे नेहमीच्या) पिचच्या मापाला हीच गत आहे. अशा भोकात टॅपचा दात नुसता आटा कापत नाही, दोन दातांमधली खाचसुद्धा धातूने गच्च भरते आणि टॅपचा गाभा भिंतीला घासायला लागतो. टॅप त्या कामासाठी बनवलेलाच नसतो.

बारीक पिचला हा गुणाकार आणखी फसतो. एम १० × १ ला ९.० चं ड्रिल लागतं, एम १० × १.२५ ला ८.८ चं. व्यास तोच, पिच वेगळा, ड्रिल वेगळं. ज्या फॉर्म्युल्यात पिचच नाही, तो हे सांगणार कुठून? वजाबाकी तर गुणाकारापेक्षा सोपी आहे, आणि पिच बहुतेक वेळा टॅपच्या दांड्यावर छापलेला असतो.

‘भोक बारीक, तर आटा मजबूत’

हा मुद्दा ऐकायला पटतो, म्हणूनच तो इतका टिकलाय. जास्त धातू म्हणजे जास्त ताकद, असं वाटणं साहजिक आहे. पण तो धातू कुठे आहे ते बघायला हवं.

आट्याचा दात तळाशी जाड आणि टोकाला निमुळता असतो. भोकातल्या आट्याचा जाड तळ बाहेरच्या बाजूला, बोल्टच्या पूर्ण व्यासाजवळ असतो आणि निमुळतं टोक मध्याच्या दिशेला. ड्रिल बारीक घेतलं की धातू वाढतो तो फक्त या टोकाला. बोल्ट आवळताना भोकातले आटे जेव्हा उपटले जातात, तेव्हा ते तुटतात तळाशी, बोल्टच्या बाहेरच्या व्यासावरच्या वर्तुळात. तिथली दाताची जाडी तुम्ही ८.२ चं ड्रिल घ्या की ८.६ चं, बदलतच नाही. फरक पडतो तो बोल्टच्या स्वतःच्या आट्यांच्या पकडीत, आणि बोल्ट बहुतेक वेळा जॉबपेक्षा, म्हणजे ज्यात भोक मारलंय त्या तुकड्यापेक्षा, कडक धातूचा असतो.

म्हणूनच हँडबुकांमध्ये आट्याची टक्केवारी, म्हणजे पूर्ण उंचीच्या दाताचा किती भाग मिळतो ते, दिलेली असते. त्या हिशोबाने व्यास वजा पिच हे ड्रिल सुमारे ७७ टक्के आटा देतं. हँडबुकं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत की १०० टक्के आटा ७५ टक्क्यांच्या आट्यापेक्षा जेमतेम ५ टक्के जास्त ताकद देतो, पण तो कापायला सुमारे तिप्पट जोर लागतो. तो तिप्पट जोर सोसतो टॅप. एम ४ चा टॅप किती नाजूक असतो ते ज्याने तो हातात धरलाय त्याला सांगायला नको.

आपलं मानक काय म्हणतं तेही बघा. आयएस ४२१८ या भारतीय मानकात मेट्रिक आट्यांची मापं आहेत. नेहमीच्या ६एच बसणीला (भोकातल्या आट्याला मापात मिळणारी साधी सूट) एम १० च्या भोकाचा आतला व्यास ८.३७६ ते ८.६७६ मिमी चालतो. एम ८ ला ६.६४७ ते ६.९१२, एम ६ ला ४.९१७ ते ५.१५३. म्हणजे ८.५ हे काही टॅप सोपा जावा म्हणून दिलेलं ढिलं माप नाही, ते मर्यादेच्या जवळजवळ मधोमध बसतं. ‘एक साइज खालचं’ म्हणून ८.० किंवा ८.२ घेतलंत तर तुम्ही मानकाच्या बाहेर गेलात, आणि इन्स्पेक्शनला प्लग गेज (भोक मापात आहे का ते तपासायची दांडी) लावणाऱ्या कुठल्याही कंपनीत तो जॉब परत येईल.

ताकद खरंच वाढवायची असेल तर आटा किती खोलवर धरतो ते वाढवा. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतकी पकड साधारण पुरते. बिडात सव्वा ते दीड पट, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट ठेवावी. एवढी पकड मिळाली की आटे उपटण्याआधी बोल्टच तुटतो, आणि त्यापुढे खोली वाढवूनही फायदा नाही.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. पातळ पत्र्यात, समजा ३ मिमीच्या पट्टीत एम ६ मारायचा असेल, तर जेमतेम तीन आटे मिळतात. तिथे भोक मोकळं करणं परवडत नाही; ५.० च घ्यावं आणि टॅप सावकाश न्यावा. पण तिथेही ४.८ नको.

हा समज आला कुठून?

लोक उगाच काही बोलत नाहीत. जुन्या कारागिरांची बारीक ड्रिल घ्यायची सवय मी पाहिली आहे, आणि तिला कारण होतं. हाताने ग्राइंडरवर लावलेल्या ड्रिलच्या दोन धारा क्वचितच सारख्या येतात. एक धार लांब राहिली की ड्रिल आपल्या मापापेक्षा मोठं भोक पाडतं. त्यात हँड ड्रिलचा चक (ड्रिल धरणारा जबडा) हलत असेल, जॉब नीट बांधलेला नसेल, तर ८.५ च्या ड्रिलने ८.७ किंवा त्याहून मोठं भोक सहज पडतं आणि एम १० ची वरची मर्यादा ओलांडली जाते. मिस्त्री मग ८.२ चं ड्रिल घेऊन ८.४ चं भोक पाडायचा. त्याचा हिशोब त्याच्या मशीनपुरता बरोबर होता. तो हिशोब आज ग्रुपवर नियम होऊन फिरतोय आणि नव्या ड्रिलवाला तो जशाच्या तसा लावतोय, ही खरी गडबड आहे.

उपाय अंदाजाचा नको, मोजमापाचा हवा. त्याच धातूच्या भंगार तुकड्यात त्याच ड्रिलने एक भोक मारा आणि मोजा. लहान भोकात व्हर्नियर थोडं कमी दाखवतो, कारण त्याचे आतले जबडे गोल भिंतीला नेमके टेकत नाहीत. त्यापेक्षा एक नंबर मोठं ड्रिल उलटं धरून त्याची शँक (मागची गुळगुळीत दांडी) आत जाते का बघा. ८.५ च्या भोकात ८.७ ची शँक सहज शिरत असेल तर ड्रिल पुन्हा लावायला हवं.

दुसरं कारण ड्रिलच्या डब्यात आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या सेटमध्ये ड्रिलं अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. त्यात ३.३ नसतं, ४.२ नसतं, ६.८ नसतं, १०.२ नसतं. मग एम ४ ला ३.० घेतलं जातं, आणि ते त्या बोल्टच्या ३.१४ च्या गाभ्यापेक्षा बारीक आहे. एम ५ ला ४.०, एम ८ ला ६.५. टॅप तुटतात, आणि जे वाचतात त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, घट्ट आटा’ असं म्हटलं जातं. ही चार ड्रिलं सुटी विकत मिळतात. दुकानात जाऊन आधी ती आणा. मोडलेल्या एका चांगल्या टॅपपुढे त्यांचा खर्च काहीच नाही.

‘धातू कुठलाही असो, ड्रिल तेच’

एमएस (साधं स्टील), बीड आणि पितळ यांना व्यास वजा पिच हे माप नीट चालतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगला टॅप मारणारे रोज तेच करतात. बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो आणि टॅप बहुधा कोरडाच मारला जातो. ॲल्युमिनियमलाही तेच माप, पण रॉकेल किंवा त्यासाठीचं कटिंग ऑइल हवंच, नाहीतर धातू टॅपच्या दातांना चिकटतो.

एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचं मात्र वेगळं आहे. हा धातू घासला, दाबला की जागच्या जागी कडक होतो. ड्रिल बोथट असेल किंवा जोर न देता नुसतं फिरवत ठेवलं, तर भोकाची भिंत कडक होते आणि मागून येणाऱ्या टॅपला ती कडक साल कापावी लागते. इथे थोडं मोकळं भोक घ्यावं: एम ६ ला ५.१, एम ८ ला ६.९, एम १० ला ८.६. ही तिन्ही मापं मानकाच्या आत आहेत, म्हणजे काहीही गमवावं लागत नाही. ड्रिल धारदार, फेरे कमी, दाब सलग, आणि तेल भरपूर.

टॅपचा प्रकार बदलला तर सगळं गणितच बदलतं, आणि त्या मजकुरात याचा उल्लेखसुद्धा नाही. फॉर्म टॅप, ज्याला काही जण रोल टॅप म्हणतात, धातू कापत नाही. दाबून आटा उठवतो. त्याला खोबणी नसतात किंवा तेलापुरत्या बारीक असतात, आणि कीस पडत नाही. त्याला व्यासातून अर्धा पिच वजा करायचा: एम ६ ला ५.५, एम ८ ला ७.४, एम १० ला ९.३. या टॅपला ८.५ च्या भोकात घातलंत तर दाबलेला धातू जाणार कुठे? तो टॅप वाचत नाही. बिडात तर फॉर्म टॅप वापरायचाच नाही, कारण बीड दबत नाही, फुटतं.

‘तीन सूत म्हणजे दहा मिमीच’

मजकुराच्या काही आवृत्त्यांत ही ओळही असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून तीन सूत ९.५२ मिमी. तीन सुताच्या बीएसडब्ल्यू (जुन्या ब्रिटिश इंची) आट्याला इंचाला १६ आटे, म्हणजे पिच जवळजवळ १.५९, आणि आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिकचा कोन ६० अंश. तीन सुताला ड्रिल लागतं ८ मिमीच्या आसपास. ८.५ मारलंत तर आटा उथळ राहतो, आणि त्यात एम १० चा बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर दोन्हींचे आटे जातात. चार सुतात आणखी एक घोळ आहे: बीएसडब्ल्यूला इंचाला १२ आटे, यूएनसी या अमेरिकन इंची आट्याला १३. जुन्या मशीनची दुरुस्ती करताना पिच गेज लावल्याशिवाय ड्रिलला हात लावू नये.

‘सोनेरी ड्रिल घ्या’

ड्रिल कशाचं आहे यावरून ते किती टिकेल हे ठरतं. भोक किती मोठं पडेल हे ठरतं त्याच्या मापावरून आणि धारेवरून. सोनेरी रंग देणारा खरा टायटॅनियम नायट्राइडचा थर काही मायक्रॉनचा असतो आणि ड्रिल पुन्हा लावलं की धारेवरून तो निघून जातो. स्वस्तातल्या ड्रिलवर कित्येकदा नुसता रंगच असतो. एसएसमध्ये कोबाल्टचं, १३५ अंश टोकाचं ड्रिल खरोखर उपयोगी आहे, ते जरूर घ्या. पण ८ चं कोबाल्ट ड्रिल एम १० साठी ८ चंच राहतं.

‘टॅप तुटला, तर हात कच्चा’

हात कच्चा असू शकतो. टॅप वाकडा धरला, एका बाजूने जोर दिला, कीस तोडायला उलटा फिरवला नाही, तर टॅप तुटतो. पण बंद भोकात तळाशी कीस साठून तुटतो तेव्हा चूक अनेकदा कमी खोल ड्रिल मारणाऱ्याची असते. टेपर टॅपच्या (सेटमधल्या पहिल्या टॅपच्या) पुढच्या सात ते दहा आट्यांना पूर्ण दात नसतात, सेकंडच्या (दुसऱ्या टॅपच्या) तीन ते पाच आट्यांना नसतात. ती जागा आणि किसाची जागा धरून भोक आट्यापेक्षा खोल जायला हवं. बंद भोकाला स्पायरल फ्लूट (पिळदार खोबणीचा) टॅप घेतला तर कीस वर येतो. आरपार भोकाला गन टॅप, तो कीस पुढे ढकलतो.

मशीनशॉपच्या मालकांना आणि सुपरवायझरना एवढं सांगणं आहे: टॅप तुटला की पोराला ओरडण्याआधी त्याच ड्रिलने भंगार तुकड्यात भोक मारून ते मोजा आणि त्याची खोलीही बघा. एम ८ चं भोक ६.५ चं निघालं, तर ते ड्रिल त्याच्या हातात कुणी दिलं ते आधी शोधा, आणि अडकलेला टॅप ठिणगीने जाळून काढायला जॉब स्पार्क मशीनकडे पाठवताना सोबत ६.८ च्या ड्रिलची मागणीही लिहून द्या.