सायलेंटवर ठेवलं म्हणजे झालं?

लेखात म्हटलंय की पूल (टेबलावर काठीने बॉल भोकात घालायचा खेळ) खेळताना फोन सायलेंटवर ठेवला की पुरे. नाही पटलं. इंदुरात विजय नगरकडच्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये या: समोरचा काळ्या आठ नंबरच्या बॉलवर नेम धरून वाकलेला, क्यू (खेळायची काठी) मागेपुढे होतोय, आणि टेबलाच्या लाकडी काठावरचा फोन घुर्र घुर्र करत सरकतोय. त्यापेक्षा रिंग परवडली! त्यात फोन नेमका तो नेम धरतोय त्याच पॉकेटमागे, म्हणजे टेबलाच्या भोकामागे, असला आणि स्क्रीन उजळली, तर विचारायलाच नको. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं हे अखिलाडू वर्तनच धरतात. (पूलचाच भाऊबंद असलेलं स्नूकर १८७५ मध्ये आपल्याच जबलपूरला सुरू झालं म्हणतात, त्याची तरी लाज राखा.)

आणि रील बघत बसणारे? पांढरा बॉल आधी कशाला लागला ते बघितलेलंच नसतं, मग 'फाउल होता का भिया (भाऊ)?' म्हणून हुज्जत. अरे, फाउल पकडला असतास तर पांढरा हवा तिथे ठेवून खेळायला मिळालं असतं!

घरी कुणी आजारी असेल तर आधीच सांगा, फोन आला की बाहेर जाऊन बोला, कोण नाही म्हणतंय? आमच्या ग्रुपमध्ये खेळणाऱ्या दोघांचे फोन काउंटरवर ठेवतात. विनाकारण जो आधी उचलेल, टेबलाचं भाडं त्याच्याकडे.