पाडेली कधी येणार ते विचारून जा

ऑक्टोबर आला की पणजी-मडगावच्या आम्हा फ्लॅटवाल्यांना शेतीचा उमाळा येतो. पाऊस ओसरलेला, डोंगर अजून हिरवेगार, दिवाळीची सुट्टी तोंडावर, आणि घरात पाच वर्षांची लेक, जिला नारळ दुकानात तयार होतात असं वाटतं. मग गाड्या फोंड्याच्या दिशेने वळतात. वळाव्यातच. समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीत पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा कितीतरी बरं. पण तिथून आपण काय बघून येतो, यावर मला जरा बोलायचंय.

गेल्या वर्षी आम्ही तिकीट काढून एका मसाल्याच्या बागेत गेलो होतो. नाव सांगत नाही, थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच असतं. गळ्यात फुलांची माळ, हातात गवती चहाचा कप, आणि मग गाईडच्या मागून रांग. तो एखादं पान चुरगाळून नाकाशी धरतो आणि विचारतो, ओळखा पाहू? आईबाप हिरिरीने उत्तरं देतात, मुलं पायाने माती उकरत उभी. शेवटी एक माणूस पायात दोरीचं कडं अडकवून पोफळीवर सरसर चढला, शेंड्याजवळ पोचून झाड झुलवलं आणि शेजारच्या पोफळीवर गेला. टाळ्या. व्हिडिओ. कुणीतरी नोट पुढे केली. थोड्या वेळाने दुसरी बॅच आली आणि त्याच झाडावर तोच माणूस पुन्हा चढला. वरून एकही सुपारी खाली आली नाही.

मला खटकलं ते हे. एका पोफळीवरून दुसरीवर जाण्याची ती कसरत टाळ्यांसाठी कुणी शोधून काढलेली नाही. प्रत्येक झाडाला चढ-उतार करायची म्हटलं तर माणूस दुपारपर्यंत गळून जाईल. म्हणून एकदा चढायचं आणि वरच्या वर पाच-सात झाडं उरकून मगच उतरायचं, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. खेळ बघणाऱ्याला तो हिशेब कुणी सांगत नाही. सांगितला नाही की उरते नुसती सर्कस.

यंदा नवऱ्याच्या चुलतभावाच्या कुळागरात गेलो, सावईवेऱ्याच्या बाजूला. वहिनींना आधीच फोन करून विचारलं होतं, पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा, कुठल्या दिवशी येणार? त्या हसल्या. म्हणाल्या, तो आम्हालाही आदल्या रात्री सांगतो. तर आदल्या रात्री निरोप आला आणि सकाळी सगळं आवरून निघालो.

ज्यांनी कुळागर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: डोंगराच्या पायथ्याला, झरीच्या पाण्यावर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी केलेली ही बागायत. माड आणि पोफळी सगळ्यांत उंच, पोफळीच्या अंगावर मिरीच्या वेली चढवलेल्या, मधल्या सावलीत जायफळ, केळी, खाली अननस आणि सुरण. कडेला फणस आणि भिरंड, म्हणजे कोकम. झरीचं पाणी पाटातून फिरवून प्रत्येक आळ्यापर्यंत नेतात. परंपरा परंपरा म्हणून आपण जिचं कौतुक करतो त्या बागेत अननस दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेला, आणि जायफळाचं मूळ बांदा बेटांत. कुळागराने कुणालाच कधी परकं मानलं नाही, फक्त सावली कुणाला किती द्यायची ते ठरवलं.

पाडेली साठीच्या आसपासचा, किरकोळ अंगाचा. त्याने लेकीला पहिलंच वाक्य ऐकवलं ते असं: "सकयल रावूं नाका गो बाय." म्हणजे माडाखाली उभी राहू नकोस. मग वहिनींनी तिला अंगणाच्या कडेला दगडावर बसवलं, आणि तिथून ती जेवणाच्या वेळेपर्यंत हललीच नाही. टॅबशिवाय. मी मुद्दाम काही शिकवायला गेले नाही. नवरा मात्र 'हे बघ, याला म्हणतात...' असं सुरू करायचा आणि ती त्याला 'बाबा, थांब ना' म्हणून गप्प करायची. तिचं सगळं लक्ष त्या माणसाकडे. तो वर जाऊन आधी नारळावर टिचकी मारतो, मग कोयता घालतो. सुकी झावळ आधी खाली टाकतो, कारण नंतर तीच अंगावर येते. मध्येच त्याला हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, चावले आणि त्याने वरूनच अशी एक शिवी हासडली की आजीने नातीचे कान झाकले. (उशीर झाला होता. परतीच्या वाटेवर गाडीत तो शब्द आम्ही दोनदा ऐकला.)

माडांनंतर पिकायला लागलेल्या काही पोफळी होत्या. तिथे त्याने तीच कसरत केली, गेल्या वर्षी पाहिलेली. यावेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण खाली सगळे पसरलेल्या सुपाऱ्या वेचण्यात गुंतलेले. लेकीनेही एक टोपली भरली. ती लाल-पिवळी फळं आता महिना-दीड महिना उन्हात वाळणार, मग सोलली जाणार, मग बागायतदार संस्थेत जाऊन विकली जाणार, हे वहिनींनी तिला वेचता वेचता सांगितलं. ते तिला कितपत कळलं माहीत नाही, पण घरी आल्यावर आजीच्या पानाच्या डब्यातली सुपारी तिने बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

चहाच्या वेळी तिने त्याला विचारलं, पाऊस आल्यावर तुम्ही काय करता? आपण मोठ्यांनी हा प्रश्न विचारला नसता. उत्तर असं की पावसातच सगळ्यांत जिकिरीचं काम असतं. सुपारीला कोळेरोग लागतो, घडच्या घड कुजून गळतो. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, एकदा पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा भर पावसाळ्यात उघडीप बघून. म्हणजे शेवाळलेल्या, निसरड्या पोफळीवर, हातात फवारणीची नळी घेऊन. हे काम करायला त्याची मुलं तयार नाहीत, आणि मी त्यांना बोल लावणार नाही. नारळ विकास मंडळाने 2011 पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाने यंत्रावरून माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यातून नवी मुलं तयार झाली. पण यंत्र एका झाडाला बांधलेलं असतं. ते घेऊन शेजारच्या पोफळीवर जाता येत नाही. म्हणून वहिनींसारखे बागायतदार या एका माणसाच्या तब्येतीवर डोळे लावून असतात.

आता दुसरी बाजू, कारण वहिनींनी मला ती चांगलीच ऐकवली. मी तावातावाने त्या तिकीटवाल्या बागांना नावं ठेवत होते, तर त्या म्हणाल्या, "सुपारीचा भाव वर्षाला बदलतो, मजुरी दर वर्षी वाढते. पर्यटकांच्या जेवणावर चार कुळागरं तगली आहेत, ती तगली म्हणून विकली गेली नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात 2023 च्या कायद्याने निर्बंध आले, पण डोंगरउतारावरच्या बागायतीकडे दिल्ली-मुंबईच्या बंगलेवाल्यांचं बारीक लक्ष आहे, हे सावईवेऱ्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तिकीट काढा, भाव करू नका, जेवणाचे पैसे मोकळ्या हाताने द्या.

तरी माझा हट्ट कायम आहे. काढणीच्या दिवशी लोकांना बोलवा, दोरी बांधून लांब उभं करा, आणि त्या माणसाला त्याच्या कामाचे पैसे द्या, खेळाचे नव्हे. वहिनींचा आक्षेप लगेच तयार: "पाऊस आला तर? त्याला ताप आला तर? बुकिंग केलेल्यांना काय सांगू?" सांगा की आज काम नाही, पुढच्या आठवड्यात या. शहरातल्या आईबापांना हे ऐकवत नाही, ठाऊक आहे. रविवारी अकरा वाजता शेत सुरू झालं पाहिजे अशी आपली अपेक्षा असते.

परतताना एका शेतात सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापत होते. मला फार वाटत होतं की लेकीने विळ्याने कापणी बघावी, पेंढ्या बांधताना बघाव्यात. तिथे होतं हार्वेस्टर, मागे बगळ्यांची रांग, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर भात वाळत घातलेलं, परतीच्या पावसाच्या भीतीने एक बाई दर पाच मिनिटांनी आभाळाकडे बघत होती. लेक यंत्रावर जाम खूश. हेच आजचं शेत आहे, तर हेच तिने बघावं. माझ्या लहानपणाची आठवण तिच्या डोळ्यांत कोंबायची काही गरज नाही. दिवाळीला आपण जे फोव (पोहे) खातो ते यातूनच होतात, एवढं मात्र सांगितलं. तिला गोडाचे आवडतात, ताकातले नाही, हे तिने मला पुन्हा एकदा बजावलं.

वहिनींचा काल फोन होता. जानेवारीत मिरी काढायची आहे, घोसातला एखादा दाणा लाल झाला की कळवते म्हणाल्या. तुम्ही सगळे या, घोस खुडा, वाळवायला टाका, दुपारी जेवा. मी विचारलं, मजुरी किती देणार? तर म्हणाल्या, "मजुरी कसली? माणशी पाचशे तुम्हीच द्यायचे. पाहुणे आहात ना?" मी हो म्हटलंय. अजून दोन कुटुंबांना जागा आहे, लहान मुलं असलेल्यांना आधी. इनबॉक्समध्ये सांगा. तारीख मिरी ठरवणार, रविवारच मिळेल असं नाही.