सिंहगड किती मिनिटांत?

टाळ्या वाजवायला मला आवडतं. मुलांच्या स्नेहसंमेलनात, गाण्याच्या कार्यक्रमात, एवढंच काय, विमान नीट उतरलं म्हणूनही मी वाजवलेल्या आहेत. पण गेल्या रविवारी कोर्लईच्या किल्ल्यावर बसभर अनोळखी माणसांनी उभं राहून माझ्यासाठी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या अजून माझ्या घशाखाली उतरलेल्या नाहीत. पराक्रम काय, तर मी वर पोचले. सगळ्यांच्या शेवटी. त्याचा व्हिडिओ निघाला, त्याला मागे ढोल-ताशा लावला गेला, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत असताना आमच्या अकाउंट्समधल्या मुलीने तो मलाच दाखवला. "मॅडम, ही बाई अगदी तुमच्यासारखी दिसते ना?"

मी म्हटलं, हो, दिसते खरी.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'समुद्रकाठचा छोटा किल्ला, अत्यंत सोपा, नवशिक्यांसाठी खास, वय 6 ते 60.' मी त्यात बसते. नक्की कुठे बसते ते सोडा. पहाटे कर्वेनगरहून मिनीबस निघाली, खोपोलीला पोहे झाले, अलिबाग मागे पडलं, रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि साडेदहाला, म्हणजे कोकणातल्या सूर्याने बाह्या सरसावल्यावर, आम्ही कोर्लईच्या दीपगृहापाशी उतरलो. किल्ला आहे जेमतेम तीनशे फूट उंचीचा. खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेली डोंगराची एक लांबट सोंड, तिच्यावर तटबंदी. दीपगृहाच्या मागून सरळ पायऱ्या चढायला लागायच्या. वीस मिनिटं, असं आमचा लीडर म्हणाला. लीडरचं वय साधारण माझ्या फ्रिजएवढं.

पण लीडरचा काही दोष नाही. दोष काकांचा.

काका 71 वर्षांचे. हे त्यांनी चांदणी चौकाच्या आतच सगळ्या बसला सांगितलं. मग 60 च्या अटीचं काय, असं कोणी विचारलं नाही, कारण काका 'सिंहगडवाले' होते. दर रविवारी आतकरवाडीतून चढायचं, पुणे दरवाज्याला हात लावायचा, देवटाक्याचं पाणी प्यायचं आणि उतरायचं. हे वर्षानुवर्षं. त्या रविवारी ते आमच्याबरोबर आले होते म्हणजे सिंहगडाला सुट्टी होती. गळ्यात दोरीला स्टॉपवॉच, डोक्यावर कुठल्याशा मॅरेथॉनची टोपी, हातात दोन काठ्या, पाठीवर चिक्कीचे पुडे. तळेगावच्या आसपास ते उठले आणि हजेरी घेतल्यागत एकेका सीटपाशी जाऊन विचारू लागले, "सिंहगड किती मिनिटांत?"

लोक सांगत होते हो! हिंजवडीत काम करणारा एक मुलगा म्हणाला, "अडतीस." एक जोडपं आपसात भांडलं, तो म्हणत होता पन्नास, ती म्हणत होती, तू थांबून सरबत प्यायलास ते धर. काका माझ्यापाशी आले तेव्हा मी झोपले होते. म्हणजे डोळे मिटले होते.

इथे पुण्याबाहेरच्यांना थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडे माणसाची किंमत बऱ्याच गोष्टींवरून ठरते, पण चढण त्यात फार वरच्या क्रमांकावर आहे. सकाळी साडेपाचला वेताळ टेकडीवर जावं तर लक्ष्मी रोडपेक्षा जास्त ओळखीचे भेटतात. तळजाईवर उलटं चालणारी माणसं आहेत, हनुमान टेकडीवर झाडांना पाण्याच्या बाटल्या घालणारी आहेत (ती खरंच भली माणसं आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही), आणि पर्वतीच्या 103 पायऱ्या दिवसातून पाचदा चढून खाली येताना कोणाशीही न बोलणारी आहेत. माझ्या मावसबहिणीला आलेल्या स्थळाची माहिती अशी होती: मुलगा इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट, दर रविवारी सिंहगड करतो. 'करतो'! संध्या केल्याप्रमाणे. लग्न झालं. ती आता रविवारी सकाळी शांतपणे पेपर वाचते, म्हणजे स्थळ चांगलंच होतं म्हणायचं.

तर पायऱ्या. पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांबरोबर होते. दुसऱ्या वळणावर माझा श्वास सायकलच्या पंपासारखा वाजायला लागला. बाजूला कातळाचा एक तुकडा आणि त्याची हातभर सावली दिसली, मी तिच्यात शिरले. आणि वरच्या पायरीवर दोन काठ्या टेकून काका उभे.

"दम लागला?"

मी मान हलवली.

"बोलू नका. दम लागला की अजिबात बोलायचं नाही. श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा. सिंहगड किती मिनिटांत करता?"

मी हात दाखवला, थांबा म्हणून. काका थांबले. स्टॉपवॉच चालूच होतं, ते मला ऐकू येत होतं.

"गाडीने," मी म्हटलं.

"गाडीने म्हणजे?"

"गाडीने. वर पार्किंग आहे ना."

काकांनी गॉगल काढला. "पायी?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"जन्म कुठला तुमचा?"

"पुण्यातलाच."

"शाळा?"

"पुण्यातच."

"मग शाळेची सहल कुठे न्यायचे?"

"पानशेतला."

"पानशेतला!" काका म्हणाले, आणि खालून येणाऱ्या मंडळींकडे वळून जाहीर केलं, "अहो, या पुण्याच्या, आणि सिंहगड गाडीने!" खालून येणारे थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यातला एक सात-आठ वर्षांचा मुलगा, जो तोवर वर जाऊन खाली येऊन पुन्हा वर चालला होता, त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही आजारी आहात का?"

"नाही रे बाळा," काकाच म्हणाले. "सवय नाही."

मग काकांनी मला हिशेब समजावला. आतकरवाडीतून आपण दोन हजार फूट चढतो. हा किल्ला तीनशे. म्हणजे सिंहगडाचा सातवा हिस्सा. त्यांचा सिंहगड पस्तीस मिनिटांचा. भागिले सात, पाच. "पाच मिनिटांचं काम आहे हे! तुम्ही इथेच बारा मिनिटं उभ्या आहात."

मी शास्त्रीय बाजू मांडून पाहिली. म्हटलं, काका, पुण्याची हवा कोरडी. घाम आला की उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. इथे हवेतच एवढी वाफ आहे की घामाला उडायला वाव नाही, तो नुसता ओघळतो आणि अंग तापतच राहतं. तेव्हा इथले तीनशे फूट आणि तिथले तीनशे फूट एका तराजूत घालू नका.

काकांनी ऐकून घेतलं. विचार केला. म्हणाले, "ओघळतोय ना? ओघळू द्या. चरबी वितळते."

एवढ्यात लीडर खाली आला आणि नेहमीचं म्हणाला, "ताई, पाणी प्या. भरपूर पाणी प्या. पाणी कमी पडतंय तुम्हाला."

आता हे मी कोणाला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. पाणी मी मुद्दाम कमी प्यायले होते. पहाटेपासून. बसमधल्या बहुतेक बायकांनी तेच केलं होतं, पोह्यांच्या टेबलावर आमचं डोळ्यांनीच ठरलं होतं. वाटेतल्या हॉटेलातल्या त्या खोलीत मी दार उघडलं आणि लगेच लावलं, त्याहून जास्त वर्णन करत नाही. आणि वर किल्ल्यावर? एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये चिंचोळा कणा, गुडघ्याएवढं गवत. पुरुषमंडळी तटाकडे तोंड करून निवांत उभी राहतात, चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या तटाकडे, आणि वळून पुन्हा इतिहास ऐकायला येतात. भरपूर पाणी प्या म्हणे. प्यायलेलं पाणी कुठे न्यायचं, ही ओळ कुठल्याही जाहिरातीत 'काय आणावे, काय आणू नये' च्या यादीत मी अजून वाचलेली नाही. तिथे टोपी असते, टॉर्च असतो, 'उत्साह' असतो.

असो. काकांनी मला मीठ-साखरेची पुडी दिली. घरून मोजून आणलेली. ती मी घेतली, कारण गरज होती, आणि त्यांचे आभार मानले, ते मात्र मनापासून नाही.

मी वर पोचले तेव्हा मंडळी एका पडक्या दरवाज्याच्या सावलीत पाय पसरून बसली होती. चिक्की फिरत होती. एका काकूंची तर डुलकी लागली होती. लीडर मोबाइलवरून वाचत होता, की 1594 मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला निजामशाहीकडून जिंकला, 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलवर चढाई केली, आणि 1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. दर सालाला काका मध्ये पडत होते. "1670 ला तानाजी रात्रीचे चढले! कड्यावरून, दोराने! आणि आपण दिवसा, पायऱ्यांनी!" हे बोलताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही काठ्या काखेत मारल्या आणि म्हणाले, "आल्या! आल्या आपल्या ताई! आयुष्यातला पहिला किल्ला! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

झाल्या. सगळे उभे राहिले. डुलकीवाल्या काकू दचकून उठल्या आणि त्यांनीही वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना. लीडरने मोबाइल वर धरला. आणि पहिला किल्ला काय म्हणून? शनिवारवाड्याला तट आहे, नऊ बुरुज आहेत, खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा आहे. त्याच्या बुरुजावर मी कितीदा चढलेय. हे सगळं मला तिथे सुचलं, पण बोलायला हवा नव्हती.

आणि टाळ्या संपताच लीडर म्हणाला, "चला, सगळे आले. निघू या!"

हे कोणाच्या लक्षात येतं का? जे पहिले पोचतात ते बसतात. सावलीत, अर्धा अर्धा तास, शेवटचं माणूस येईपर्यंत. शेवटचं माणूस आलं की विश्रांती संपली. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दम लागलाय त्याला सगळ्यात कमी बसायला मिळतं, आणि ज्याला लागलेलाच नाही तो पाय पसरून चिक्की खातो. हा हिशेब मी काकांना घालून पाहिला. ते म्हणाले, "म्हणून तर लवकर पोचायचं."

खोटं कशाला बोलू, जागा सुंदर आहे. कण्यावरून उत्तरेकडे चालत गेलं की दोन्ही बाजूंना पाणीच, खाडीपलीकडे रेवदंड्याच्या नारळी-पोफळीत बुडालेला तिथला जुना कोट, वाटेत तोफा, आणि एका चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंती. खाली कोर्लई गावात काही घरांतून पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली एक बोली अजून बोलली जाते, असं लीडर चालता चालता सांगत होता. ती कशी ऐकू येते ते मला कुणा म्हातारीच्या अंगणात बसून ऐकायचं होतं. निदान त्या चर्चच्या भिंतीला टेकून नुसतं बसायचं होतं. मी त्यासाठीच आले होते, गंमत ही. पण "ताई, उतरायला वेळ लागेल तुम्हाला, आधी निघा," असं म्हणून मला पुढे घातलं, आणि मागून काका, काठ्यांची टकटक, स्टॉपवॉच.

खाली दीपगृहाच्या सावलीत काकांच्या बायको बसल्या होत्या. त्या चढल्याच नव्हत्या. शहाळं संपवून आतली मलाई चमच्याने काढत होत्या. मी शेजारी जाऊन पडले.

"तुम्ही नाही आलात वर?"

"मी लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सिंहगड चढले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी वेळ लावली होती. तेव्हापासून मी खालीच बसते. सगळीकडे."

मग त्यांनी मला अर्धी मलाई दिली.

जेवायला एका घरी सुरमईचं ताट होतं, सोलकढी हवी तितकी. काकांनी दोन वाट्या प्यायली आणि सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीची आणि मडक्यातल्या दह्याची आठवण काढली. परतताना खोपोलीच्या पुढे त्यांनी सगळ्यांचे नंबर घेतले. मी या वेळी खरंच झोपले होते, त्यामुळे माझा नंबर लीडरने दिला.

मंगळवारी पहाटे पावणेपाचला फोन वाजला. 'रविवार सिंहगड परिवार' या ग्रुपमध्ये मला घेतलं होतं. पहिला मेसेज मलाच होता: "सुप्रभात. उठलात? रोज पर्वती दोनदा सुरू करा. रविवारी पाच वाजता स्वारगेट, पायथ्याची पहिली बस." खाली एकवीस जणांनी अंगठे उचलले होते. पावणेपाचला. आणि त्याखाली माझा व्हिडिओ, ढोल-ताशासकट.

ग्रुप गुपचूप सोडला तर बाकीच्यांना कळत नाही म्हणे, फक्त ॲडमिनला कळतं. ॲडमिन दोघं आहेत. एक काका. दुसऱ्या काकू. काकूंना मी वेगळा मेसेज केला, की काय करू. त्यांचं उत्तर आलं: "आवाज बंद करून ठेवा. मी पण तेच केलंय."