होतकरू खेळाडूंचा साठा वरून नाही, खालून मोजा

दर उन्हाळ्यात एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या, ३२ संघांच्या प्रॉस्पेक्ट्सच्या (होतकरू खेळाडूंच्या) क्रमवाऱ्या येतात आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतली नावं ज्याच्याकडे जास्त, तो संघ वर जातो. मला हे अजिबात पटत नाही. निवडीत वरचा क्रमांक मिळतो तो मुळात आदल्या मोसमात हरल्यामुळे. त्यात निवड करणाऱ्यांची पारख किती, हे कसं कळणार? पारख कळते दुसऱ्या फेरीनंतर.

२०१२ चा ड्राफ्ट घ्या. सगळ्यात आधी नाव पुकारलं गेलं नेल याकुपोव्हचं. एडमंटनला सलग तिसऱ्या वर्षी पहिली निवड मिळाली होती. २०१८ नंतर तो एनएचएलमध्ये खेळलाच नाही. त्याच ड्राफ्टात विनिपेगने पाचव्या फेरीत, १३० व्या क्रमांकावर गोलकीपर कॉनर हेलेबकला घेतलं. आणि घाई केली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोन वर्षं तो कॉलेजकडून खेळला, मग एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग), आणि एनएचएलचा पहिला सामना थेट नोव्हेंबर २०१५ मध्ये. आज त्याच्याकडे तीन वेझिना (सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार) आणि एक हार्ट ट्रॉफी (सर्वांत मौल्यवान खेळाडूचा) आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण गोलकीपरचे अठराव्या वर्षीही दिसत नाहीत. म्हणून साठ्यात एकच नावाजलेला गोलकीपर असण्यापेक्षा तीन-चार साधे असलेले मला चालतात.

डेट्रॉइटचंही तेच. डात्सुक १७१ वा निवडला गेला, झेटरबर्ग २१० वा, आणि २००८ चा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, दोघांनी मिळून उचलला.

नुसत्या गुणांवरही (गोल आणि गोलला मदत करणारे पास यांच्या बेरजेवर) जाऊ नका. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. १६ तारखेला जन्मलेला मुलगा पुढच्या वर्षी येतो, त्यामुळे एकाच ड्राफ्टातल्या दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर पडू शकतं. त्या वयात वर्षभरात अंगात केवढी ताकद येते!

बचावपटू बघताना तर मी गुण बाजूलाच ठेवतो. पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) कोपऱ्यात गेलाय, समोरचा खेळाडू अंगावर येतोय. अशा वेळी स्टिक पकला लागण्याआधी हा मान वळवून मागे बघतो का? जो बघतो, त्याचा पास आधीच ठरलेला असतो. जो बघत नाही, तो पक मैदानाभोवतीच्या काचेवर आदळून कशीबशी सुटका करून घेतो. ज्युनियरमध्ये वेगाच्या जोरावर हे खपतं, एनएचएलमध्ये दुसऱ्याच क्षणी पक समोरच्याच्या स्टिकवर असतो.

तुमच्या संघात तिसऱ्या फेरीनंतर घेतलेला, गेल्या वर्षापेक्षा स्पष्ट सुधारलेला कोण आहे? मला अशीच नावं वाचायची आहेत, कमेंटमध्ये लिहा.