२.४ गिगाहर्ट्झ बंद करू नका

बडोद्यात दांडियाबाजार, रावपुरा भागातल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ बंद करा, फक्त ५ ठेवा, नेट दुप्पट पळेल.’ कृपया असं करू नका. (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे राउटरच्या वाय-फायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे.)

५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो हे खरं, पण राउटरच्या जवळ. भिंतीत त्याचा सिग्नल जास्त अडतो, आणि आपल्या जुन्या घरांच्या भिंती चांगल्या जाडजूड. राउटर दिवाणखान्यात असेल तर माजघरात एखादी दांडी उरते, मागच्या स्वयंपाकघरात तीही नाही. तिथे २.४ च कामाला येतो. शिवाय प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल, तर बँड बदलून त्याचे १०० होत नाहीत.

मला खरी काळजी वेगळीच आहे. बरेच स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि जुने प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. घरी एकट्या असलेल्या आजी-आजोबांसाठी लावलेला कॅमेराच बंद पडायचा!

शेजारच्या राउटरांची गर्दी असेल तर २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळं चॅनल निवडा. मागच्या खोल्यांसाठी पक्का उपाय केबलचाच: साधी कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक प्रकार) १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस देते. जुना राउटर पडून असेल तर तो त्या केबलने मुख्य राउटरला जोडून मागे लावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायचं) खोचा, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचं) नाही.